आकडेमोड त्याची, चाल आपली

बारावी सायन्स किंवा इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष केलेल्या कुणालाही मॅट्रिक्सच्या 'रो रिडक्शन'बद्दल विचारा. बहुतेकांना आठवतं ते एक हरवलेलं उणे चिन्ह. दीड पान भरून लिहिलेलं गणित, तिसऱ्या पायरीवर −८ च्या जागी ८, आणि तिथून पुढचं सगळं बरोबर असूनही उत्तर चूक. असं चार-पाच वेळा झालं की विद्यार्थी स्वतःबद्दलच निकाल देऊन टाकतो: मॅट्रिक्स आपल्याला जमत नाही.

हा निकाल कशाच्या आधारावर दिला, हे मात्र कुणी तपासत नाही. रो रिडक्शनमध्ये दोन वेगळी कामं असतात. एक, पुढची चाल कोणती हे ठरवणं. दोन, ठरवलेल्या चालीची आकडेमोड करणं. पहिलं काम विचाराचं आहे, दुसरं चिकाटीचं आणि नीटनेटकेपणाचं. वहीत ही दोन्ही कामं एकाच पेनाने, एकाच ओळीत होतात, त्यामुळे आपण नेमके कुठे अडलो ते कळत नाही. तपासणाऱ्यालाही नीट कळत नाही.

इंटरॅक्टिव्ह रो रिडक्शनच्या टूलबद्दल लिहावंसं वाटतं ते यासाठी. ही टूल्स या दोन कामांची फारकत करतात: चाल तुम्ही सांगायची, आकडेमोड मशीन करणार. त्यातून काय मिळतं आणि काय हातातून सुटतं, हे एखादं पुस्तक वाचावं तसं वाचून बघण्यासारखं आहे.

आधी मूळ गोष्ट. दहावीत एकसामयिक समीकरणं सोडवताना आपण 'एका चलाचा लोप' करायचो. दोन समीकरणं, एकाला योग्य संख्येने गुणायचं, दुसऱ्यातून वजा करायचं, एक चल गायब. रो रिडक्शन म्हणजे तोच लोप, फक्त अक्षरं न लिहिता. सहगुणक तेवढे चौकटीत मांडायचे आणि ओळींवर तीन प्रकारच्या क्रिया करायच्या: दोन ओळींची अदलाबदल, एखादी ओळ शून्य सोडून कोणत्याही संख्येने गुणणं, आणि एका ओळीत दुसऱ्या ओळीची काही पट मिळवणं. या तीनच क्रिया वापरून डावीकडून एकेका स्तंभात शून्यं तयार करत पायऱ्यांसारखा आकार आणायचा. बुद्धिबळाइतकेही नियम नाहीत.

यासाठीची सॉफ्टवेअर दोन जातींची आहेत. पहिली जात उत्तर देणारी. मॅट्रिक्स टाका, बटण दाबा, रिड्यूस झालेलं मॅट्रिक्स समोर. मॅटलॅबमधली 'आरआरईएफ' ही कमांड तसलीच. मॅटलॅबचा जन्मच मुळात शिकवण्याच्या गरजेतून झाला. क्लीव्ह मोलर यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यू मेक्सिको विद्यापीठात त्याची पहिली आवृत्ती लिहिली ती विद्यार्थ्यांना फोरट्रान न लिहिता मॅट्रिक्सची कामं करता यावीत म्हणून. पुढे त्यात 'आरआरईएफमूव्ही' नावाची कमांडही होती. ती रिडक्शनच्या पायऱ्या एकामागून एक पडद्यावर दाखवायची. नाव अगदी योग्य होतं. तो सिनेमाच होता, बघायचा आणि मान डोलवायची. आज फोनवर फोटो काढून पायऱ्या देणारी अ‍ॅप्स तोच सिनेमा दाखवतात, फक्त तिकीट आणखी स्वस्त झालंय. पायऱ्या वाचून सगळं पटतं आणि कोरा कागद समोर आला की पहिली चाल सुचत नाही. कारण त्या पायऱ्यांमध्ये निर्णय दिसतात, पण ते घेताना कोणते पर्याय नाकारले ते दिसत नाही.

दुसरी जात थांबून राहणारी. डॅन मार्गलिट आणि जोसेफ रॅबिनॉफ यांचं 'इंटरॅक्टिव्ह लिनिअर अल्जिब्रा' हे जॉर्जिया टेकमध्ये तयार झालेलं मोफत ऑनलाइन पाठ्यपुस्तक आहे. त्यासोबतचा रो रिड्यूसर या जातीचा. मॅट्रिक्स भरायचं, मग कोणत्या ओळीवर कोणती क्रिया हे सांगायचं. नवीन मॅट्रिक्स ते लिहून देतं आणि पुन्हा थांबतं. पुढे काय, हे ते सांगत नाही. दिसायला अगदी साधं. डिझाइनवाल्यांना दाखवलं तर नाक मुरडतील इतकं साधं. पण ते काय करतं यापेक्षा ते काय करायचं नाकारतं, हे बघायला हवं.

एक गणित घेऊन बघू. चीनच्या 'नऊ अध्याय' या प्राचीन गणितग्रंथाच्या आठव्या प्रकरणातलं हे पहिलं गणित. या ग्रंथावर ल्यू ह्वे याने इ.स. २६३ मध्ये भाष्य लिहिलं, म्हणजे गणित त्याहून जुनं. उत्तम, मध्यम आणि हलक्या प्रतीच्या पिकाच्या पेंढ्या आहेत. ३ उत्तम, २ मध्यम आणि १ हलकी मिळून ३९ मापं धान्य निघतं. २ उत्तम, ३ मध्यम, १ हलकी मिळून ३४. १ उत्तम, २ मध्यम, ३ हलक्या मिळून २६. तर प्रत्येक प्रतीच्या एका पेंढीतून किती?

३ २ १ | ३९
२ ३ १ | ३४
१ २ ३ | २६

क्लासमध्ये शिकवलेला मार्ग असा: डाव्या कोपऱ्यात १ हवा, म्हणून पहिली आणि तिसरी ओळ अदलाबदल करा. मग दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट, तिसरीतून तिप्पट वजा. दुसरी ओळ −१ ने गुणा. तिसरीत तिची चौपट मिळवा. पाच क्रिया, आणि शेवटची ओळ येते: ० ० १२ | ३३.

दुसरा मार्ग हट्टी माणसाचा. अदलाबदल नको, पहिल्या ओळीलाच ३ ने भागा. दुसरीतून तिची दुप्पट, तिसरीतून ती एकदा वजा. दुसरी ओळ ३/५ ने गुणा. तिसरीतून तिची ४/३ पट वजा. याही पाचच क्रिया. शेवटची ओळ: ० ० १२/५ | ३३/५.

तिसरा मार्ग चिनी गणितज्ञांचा. ते बांबूच्या काड्या मांडून हे करत, आणि आपण आडव्या ओळीत लिहितो ते त्यांच्याकडे उभ्या रांगेत असे. आपल्या भाषेत सांगायचं तर दुसरी ओळ ३ ने गुणा, मग तिच्यातून पहिली दोनदा वजा. तिसरी ३ ने गुणा, तिच्यातून पहिली एकदा वजा. आता तिसरी ५ ने गुणा आणि तिच्यातून दुसरी चारदा वजा. शेवटची ओळ: ० ० ३६ | ९९. आमच्या टूलवर याला सहा क्रिया लागतात, म्हणजे एक जास्त. पण वाटेत एकही अपूर्णांक नाही.

तिन्ही मार्गांनी हलक्या प्रतीच्या पेंढीतून ११/४, म्हणजे पावणेतीन मापं धान्य निघतं. मध्यमच्या सव्वाचार आणि उत्तमच्या सव्वानऊ.

पूर्ण रिड्यूस केलेलं रूप प्रत्येक मॅट्रिक्सला एकच असतं, हे सिद्ध झालेलं आहे. त्याकडे जाणाऱ्या वाटा मात्र असंख्य असतात. उत्तर देणारं सॉफ्टवेअर यातली एक वाट दाखवतं आणि तीच वाट आहे असं वाटायला लावतं. थांबून राहणारं टूल तिन्ही वाटांनी चालू देतं. वहीत कुणी एकच गणित तीनदा सोडवत नाही, तेवढा वेळ आणि धीर नसतो. टूलवर तिन्ही मार्ग मिळून दहा मिनिटांत होतात, आणि तेव्हा पहिल्यांदा 'पद्धत' आणि 'निवड' यातला फरक हाताला जाणवतो. या टूलच्या बाजूने मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट ही.

दुसरी गोष्ट शिस्तीची. वहीत आपण घाईने दोन क्रिया एकाच बाणावर लिहितो. समजा ओळी आहेत १ २ | ५ आणि ३ ४ | ११. उत्तर १ आणि २. आता कुणी एकाच वेळी लिहिलं, 'पहिलीतून दुसरी वजा, दुसरीतून पहिली वजा', आणि दोन्हीकडे जुन्या ओळी वापरल्या, तर मिळतं −२ −२ | −६ आणि २ २ | ६. ही दोन्ही एकच समीकरण सांगतात. माहितीचा अर्धा भाग गेला, एकच उत्तर असलेल्या गणिताला अनंत उत्तरं आली, आणि बेरीज-वजाबाकीत एकही चूक नाही! अशी चूक लाल पेनाने गोल केलेली मिळते, पण ती चूक का, हे क्वचितच कुणी समजावतं. टूलवर ती करताच येत नाही. एका वेळी एकच क्रिया. पहिली ओळ बदलली की दुसरीला नवीन पहिलीशीच व्यवहार करावा लागतो, मग तिथे येतं ५ ६ | १७, आणि १ व २ हे उत्तर शाबूत राहतं. 'रो ऑपरेशन उत्तर बदलत नाही' या वाक्यामागची अट इथे कळते: प्रत्येक क्रिया उलटी फिरवता आली पाहिजे.

वहीत सर्रास लिहिली जाणारी 'दुसरीची तिप्पट वजा पहिलीची दुप्पट' ही क्रियाही इथे दोन पायऱ्यांत मोडावी लागते: आधी गुणणं, मग वजा करणं. काहींना हा जाच वाटतो. पण समीकरणाचं उत्तर काढताना ही जोडक्रिया चालत असली, तरी निश्चयक काढताना ती त्याची किंमत तिप्पट करून ठेवते. दोन पायऱ्या वेगळ्या केल्या की तो गुणाकार लपत नाही.

याच कारणाने असं कोणतंही टूल हाती आलं तर पहिली परीक्षा ही घ्यावी: एखादी ओळ शून्याने गुणायला सांगा. टूलने नकार दिला तर ते बनवणाऱ्याला विषय कळला आहे. मुकाट्याने ओळ पुसून टाकली तर ते निव्वळ कॅल्क्युलेटर आहे.

तिसरी गोष्ट शांततेची. हे टूल शाबासकी देत नाही. स्कोअर नाही, फटाके नाहीत, 'सलग सात दिवस!' नाही. शिकवणाऱ्या अ‍ॅप्सची सवय लागलेल्या आपल्या पिढीला हे आधी कोरडं वाटतं. पण इथे स्कोअर ठेवायचा तर कशावर ठेवणार? क्रियांच्या संख्येवर ठेवला, तर अपूर्णांकांच्या चिखलातून जाणारा पाच क्रियांचा मार्ग जिंकेल आणि सहा क्रियांचा स्वच्छ चिनी मार्ग हरेल. चांगली चाल कोणती, हे काय करायचं आहे त्यावर ठरतं. टूलने गप्प राहणं हे म्हणून प्रामाणिकपणाचं आहे.

आणि चूक कळते ती मॅट्रिक्समधूनच. मोठ्या मेहनतीने बनवलेल्या शून्याच्या जागी पुन्हा आकडा उगवला की समजतं, क्रम चुकला. रियाजाला तानपुरा लावतात तसं काहीसं. तानपुरा पुढचा सूर कोणता ते सांगत नाही आणि चुकल्यावर ओरडतही नाही. तो आपला स्थिर असतो, त्यामुळे आपलं घसरणं आपल्यालाच ऐकू येतं.

इथवर कौतुक. आता जिथे हे टूल कमी पडतं ते.

वरच्या पहिल्या दोन मार्गांकडे पुन्हा बघा. दोन्ही पाच क्रियांचे. टूलच्या दृष्टीने दोन्ही सारखेच सोपे. कागदावर मात्र पहिला पाच मिनिटांचा आणि दुसरा डोकेदुखीचा. आकडेमोड फुकट झाली की चालीची किंमत दिसेनाशी होते, आणि किंमत दिसली नाही की निवड करायला कारणच उरत नाही. हातात पैसे नसताना बाजारात आपण जसा विचार करतो, तसा कुणीतरी बिल भरणार असताना करत नाही. अदलाबदल करून कोपऱ्यात १ आणण्याची युक्ती विद्यार्थी शिकतो ती अपूर्णांकांचा त्रास भोगल्यामुळे. तो त्रास काढून टाकला तर युक्तीही शिकायची राहून जाते. दोन कामांची फारकत करणं उपयोगी आहे, पण ती दोन कामं एकमेकांना काही शिकवतही होती, हे विसरून चालणार नाही.

ही किंमत फक्त परीक्षेपुरती नाही. 'न' समीकरणांच्या लोपाला साधारण न × न × न भागिले ३ इतके गुणाकार लागतात. १० समीकरणांना सुमारे ३३३, १०० समीकरणांना तीन लाखांवर. हवामानापासून पुलाच्या आराखड्यापर्यंत जिथे जिथे मोठी समीकरणं सुटतात, तिथे याच हिशेबाशी झगडा असतो. तीन ओळींच्या, आकडेमोड फुकट असलेल्या टूलमध्ये या झगड्याचा वासही येत नाही.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. सरावाची टूल्स अपूर्णांक अचूक ठेवतात तेव्हा ती विद्यार्थ्यावर दया करतात. खऱ्या कामात संगणक ठरावीक अंकांपर्यंतच संख्या ठेवतो. समजा दोन समीकरणं आहेत:

०.०००१ १ | १
१ १ | २

खरं उत्तर जवळपास १ आणि १. आता फक्त तीन महत्त्वाचे अंक ठेवणारं मशीन आहे असं धरा आणि पहिल्या ओळीलाच आधार मानून लोप करा. दुसऱ्या ओळीतून पहिलीची १०,००० पट वजा केली की दुसरी ओळ व्हायला हवी −९९९९ | −९९९८. पण तीन अंकांत दोन्ही होतात −१०,०००. म्हणून दुसरं चल १, आणि ते पहिल्या समीकरणात घातलं की पहिलं चल येतं ०. खरं उत्तर १ असताना शून्य! तेच आधी ओळींची अदलाबदल करून लोप केला, तर त्याच मशीनवर १ आणि १ असं बरोबर उत्तर येतं.

म्हणून संगणकासाठी लिहिलेल्या लोपात नियम असा असतो, की स्तंभातली सगळ्यात मोठी संख्या आधाराला घ्या. शाळेत शिकलेला नियम वेगळा: १ असेल तर तो घ्या, म्हणजे अपूर्णांक टळतील. दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणपणाचे, कारण एकात माणसाचे कष्ट वाचवायचे आहेत, दुसऱ्यात मशीनची चूक. आकडेमोड स्वतः करणारं, पण अचूक अपूर्णांकांत करणारं टूल या दोन्हींपैकी कशाचीच गरज भासू देत नाही. त्यात एक साधा स्विच हवा होता: 'तीनच अंक ठेवा'. मग चांगली चाल म्हणजे काय, हा प्रश्न विद्यार्थ्यासमोर खऱ्या अर्थाने उभा राहिला असता.

तिसरी उणीव शेवटाची. समजा रिडक्शन करता करता ओळ आली: ० ० ० | ५. मशीनच्या दृष्टीने ही आणखी एक ओळ. वाचणाऱ्याच्या दृष्टीने ते एक वाक्य आहे: 'शून्य म्हणजे पाच'. म्हणजे अशी पिकं, अशा पेंढ्या असूच शकत नाहीत. मॅट्रिक्स परत समीकरण म्हणून आणि समीकरण परत परिस्थिती म्हणून वाचणं, हे रो रिडक्शनमधलं तिसरं काम, आणि टूल ते शिकवत नाही. मार्गलिट-रॅबिनॉफ यांच्या टूलला निदान सोबत पुस्तक आहे. पुस्तकापासून तोडून नुसती लिंक म्हणून फिरणाऱ्या टूल्सच्या नशिबी तेही नाही.

तरीही दोन जातींमधून निवडायचं तर मी थांबून राहणारंच टूल निवडेन, आणि त्याचं कारण निव्वळ गणिताचं नाही. पायऱ्या देणारं अ‍ॅप आज प्रत्येकाच्या खिशात आहे. ते वापरू नका, असं सांगण्यात अर्थ नाही. प्रश्न इतकाच, की त्यानंतर आपल्याकडे स्वतःचं काय उरतं. उत्तर उरत नाही, ते मशीनचं होतं. आकडेमोडही उरत नाही. उरू शकते ती चाल: इथे अदलाबदल का, इथे गुणाकार का, ही ओळ आली म्हणजे काय झालं. आकडेमोडीत कच्च्या असलेल्या अनेक मुलांकडे ही चाल असते आणि त्यांना ते कधी कळतच नाही, कारण प्रत्येक वेळी हरवलेलं उणे चिन्ह आधी समोर येतं. असं टूल त्यांना तासाभरात दाखवून देतं, की अडचण समजेत नाही, वजाबाकीत आहे. वजाबाकी सुधारता येते. 'मला गणित जमत नाही' हा समज सुधारायला वर्षं जातात.

उलट, वजाबाकीत पक्की पण चाल पाठ केलेली मुलंही असतात. त्यांना नेहमीच्या पेपरात पूर्ण मार्क मिळतात. टूलसमोर बसवून 'आता अदलाबदल न करता कर' म्हटलं की ती थबकतात. त्यांनाही हे कळलेलं बरं.

वापरायची रीत मात्र एक हवी. बटण दाबण्याआधी नवीन ओळ कागदावर लिहायची, मग दाबून ताडून बघायची. निदान सुरुवातीच्या दहा गणितांना. म्हणजे फुकटच्या आकडेमोडीची थोडी किंमत आपण आपल्या हाताने मोजू, आणि परीक्षेत कागद-पेन घेऊन बसल्यावर हात अनोळखी वाटणार नाही. त्यानंतर तेच गणित वेगळ्या वाटेने, आणि कोणती वाट का बरी, याचं एक वाक्य समासात.

त्या एका वाक्याला आजच्या पेपरात मार्क नाहीत. अर्धवट सोडवलेलं मॅट्रिक्स देऊन 'पुढची चाल कोणती आणि का?' एवढंच विचारणारा, आकडेमोड अजिबात न मागणारा दोन मार्कांचा प्रश्न घालायला कुणाची हरकत नसावी. टूल बनवणाऱ्यांनी तो प्रश्न वेगळा काढून दाखवला आहे. तो विचारायचं काम आता शिकवणाऱ्यांचं.